वायरलेस बेस गिटार : निवड अंतराची नव्हे, भरवशाची

१२ डिसेंबर १९७६. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या लेकलँड शहरात 'किस' या रॉक बँडचा कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. गिटारवादक एस फ्रेली जिन्यावरून उतरत असताना त्यांचा हात धातूच्या कठड्याला लागला. कठड्याला अर्थिंग नव्हते. विजेचा जबर धक्का बसून ते कोसळले. काही वेळाने सावरून त्यांनी कार्यक्रम पूर्ण केला खरा. पण या घटनेनंतर 'किस'ने गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांना जोडणाऱ्या वायरला निरोप दिला. केन शेफर यांनी त्याच दशकात तयार केलेली वायरलेस यंत्रणा या बँडच्या हाती आली आणि रंगमंचावरील वादकाला मोकळेपणाबरोबरच सुरक्षितताही लाभली.

गणेशोत्सवातील वाद्यवृंद असो, नवरात्रीचा दांडिया असो की महाविद्यालयाचा महोत्सव. तात्पुरते व्यासपीठ, जनरेटरवरील वीज आणि पायात घुटमळणाऱ्या वायरी हे चित्र आपल्याकडेही परिचयाचे आहे. त्यामुळे बेस गिटारवादकांना वायरलेसचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मात्र दुकानात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'किती फुटांपर्यंत चालते?' हा. वस्तुतः बहुतेक व्यासपीठे १०-१५ मीटरपेक्षा रुंद नसतात आणि डब्यावर छापलेले अंतर मोकळ्या मैदानातले असते. बेसवादकाने विचारायचे प्रश्न वेगळेच आहेत.

खर्जाची कसोटी

चार तारांच्या बेस गिटारची सर्वात जाड तार सुमारे ४१ हर्ट्झ कंपनसंख्येचा स्वर देते. पाच तारांच्या बेसमध्ये हाच आकडा सुमारे ३१ हर्ट्झपर्यंत खाली जातो. गायकांसाठी बनवलेल्या अनेक वायरलेस संचांमध्ये इतका खोल खर्ज मुद्दाम कमी केलेला असतो, कारण मानवी आवाजाला त्याची गरजच नसते. असा संच बेसला लावला तर सूर ऐकू येतात, पण त्यांचे वजन हरवते. म्हणून माहितीपत्रकात ध्वनीची मर्यादा २० हर्ट्झच्या आसपास सुरू होते की नाही, हे आधी पाहावे.

जुन्या अ‍ॅनालॉग संचांची आणखी एक अडचण आहे. त्यांत ध्वनी पाठवताना दाबला जातो आणि पलीकडे पुन्हा पसरवला जातो. अंगठ्याने जोरात मारलेल्या 'स्लॅप'च्या सुरावर ही दाब-पसर कानाला जाणवते. डिजिटल संचांना सहसा या प्रक्रियेची गरज नसते. परीक्षा सोपी आहे : सर्वात खालची तार मोकळी छेडावी, सूर पूर्ण विरेपर्यंत ऐकावा आणि तोच प्रयोग वायर लावून करावा. दोन्हींतला फरक कान सांगतात.

थोडा फरक मात्र अपेक्षितच असतो. लांब वायर वाद्याच्या आवाजातील तीव्र स्वरांश थोडे गिळते. वायर गेली की पॅसिव्ह बेस अधिक चमकदार वाजतो. काही संचांत वायरचा हा परिणाम कृत्रिमरीत्या आणण्याची सोय असते. बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह बेसचे प्रश्न निराळे आहेत. त्याचा सिग्नल जोरदार असल्याने तो ट्रान्समीटरला पेलवतो का, हे तपासावे. थेट गिटारच्या जॅकमध्ये बसणाऱ्या काही छोट्या ट्रान्समीटरमधून अशा वाद्याबरोबर खरखर वा बारीक शिट्टी ऐकू येते. आपले स्वतःचे वाद्य दुकानात नेणे हाच यावरचा उपाय.

विलंब किती?

डिजिटल यंत्रणेत ध्वनीचे आकड्यांत रूपांतर होऊन पुन्हा ध्वनी होण्यास वेळ लागतो. चांगल्या संचांत हा विलंब काही मिलिसेकंदांचा असतो. हवेतून ध्वनी तीन मिलिसेकंदांत सुमारे एक मीटर जातो. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरपासून एखादे पाऊल मागे सरकून वाजवण्यासारखेच हे आहे. परंतु डिजिटल मिक्सर आणि कानात घालायचा वायरलेस मॉनिटरही असेल, तर प्रत्येक टप्प्याची त्यात भर पडते. तालाचा पाया धरणाऱ्या वादकाने ही बेरीज करावी. संगीत ऐकण्यासाठीचे ब्लूटूथ या कामी निरुपयोगी आहे. तेथे विलंब अनेकदा १०० मिलिसेकंदांहून अधिक असतो.

गर्दी जमली की...

खरी परीक्षा असते ती लहरींच्या वाटेची. बाजारात प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात. पहिला २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. संच सुटसुटीत असतात आणि फारशी जुळवाजुळव लागत नाही. परंतु वाय-फाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात वावरतात. शिवाय मानवी शरीर या लहरी शोषून घेते. दुपारी रिकाम्या सभागृहात निर्दोष चाललेला संच रात्री हजारो प्रेक्षक खिशात मोबाइल घेऊन आल्यावर अडखळतो, तो यामुळेच. रिसीव्हर अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे न दडवता उंचावर, वादकाच्या दृष्टीच्या टप्प्यात आणि वाय-फाय राउटरपासून दूर ठेवावा.

दुसरा प्रकार यूएचएफचा. तो अडथळ्यांना तुलनेने कमी दबतो. पण त्याचे नियोजन काटेकोर लागते. एकाच व्यासपीठावरील दोन ट्रान्समीटर ६०० आणि ६०१ मेगाहर्ट्झवर चालत असतील, तर त्यांच्या मिश्रणातून ५९९ आणि ६०२ मेगाहर्ट्झवर नको असलेल्या लहरी उमटू शकतात. तिसरा माइक नेमका तेथे लावला की गोंधळ ठरलेला. म्हणून ध्वनिव्यवस्थापकाशी आधी बोलणे आवश्यक ठरते.

परदेशातून स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या यूएचएफ संचांबाबत विशेष सावधगिरी हवी. अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील वायरलेस माइक २०१० मध्ये, तर ६०० मेगाहर्ट्झच्या बहुतांश भागातील २०२० मध्ये बंद करण्यात आले. भारतात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी विकला गेला. अशा पट्ट्यातील संच केवळ अविश्वसनीयच नव्हे, तर कायद्याच्याही अडचणीत टाकणारा ठरू शकतो. खरेदीपूर्वी त्याची वारंवारता आणि भारतातील मान्यता तपासणे हिताचे.

गरजेनुसार निवड

सराव, लहान सभागृह वा कॅफेतील मैफलीसाठी जॅकमध्ये बसणारा २.४ गिगाहर्ट्झचा छोटा संच पुरेसा आहे. मोठ्या आणि गर्दीच्या कार्यक्रमांसाठी कमरेला लावायचा ट्रान्समीटर आणि दोन अँटेनांपैकी ज्याचा सिग्नल चांगला त्याची निवड करणारा 'डायव्हर्सिटी' रिसीव्हर घ्यावा. दांडियासारखा कार्यक्रम तासन् तास चालतो. त्यामुळे आतील बॅटरी किती वेळ टिकते आणि संपल्यास सेल बदलता येतात का, हेही पाहावे.

वायरलेसमुळे वादकाच्या वाद्यातून जाणारा विजेचा मार्ग तुटतो. पण व्यासपीठाचे सदोष अर्थिंग त्याने सुधारत नाही. माइक, कठडे आणि दिव्यांचे खांब तेथेच असतात. लेकलँडमध्ये दोष वायरीइतकाच त्या कठड्याचाही होता. त्यामुळे अर्थिंगची तपासणी आयोजकांना चुकत नाही आणि वादकालाही एक जुनी सवय सोडून चालत नाही : अ‍ॅम्प्लिफायरमागे एक चांगली वायर गुंडाळून ठेवण्याची. ऐन गाण्यात खर्ज हरपला, तर तो परत आणण्याचा तोच सर्वात जवळचा मार्ग असतो.