फुप्फुसातली गुठळी स्कॅनमध्ये दिसते कशी?

पायाच्या खोल शिरेत झालेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या धमनीत अडकली, की त्याला पल्मोनरी एम्बोलिझम म्हणतात. अचानक धाप लागते, छातीत दुखतं. जीवही जाऊ शकतो. साध्या एक्स-रेमध्ये मात्र बऱ्याचदा काहीच सापडत नाही.

म्हणून सीटी पल्मोनरी अँजिओग्राफी करतात. हाताच्या शिरेतून आयोडीन असलेलं औषध, म्हणजे कॉन्ट्रास्ट, वेगाने सोडतात. आयोडीन क्ष-किरण अडवतं, त्यामुळे वाहतं रक्त पांढरंशुभ्र दिसतं. गुठळीत ते शिरत नाही. म्हणजे आपल्याला दिसते ती पांढऱ्या धमनीतली करडी पोकळी! सगळा खेळ टायमिंगचा. मशीन धमनीतली चमक मोजत राहतं, ठरलेली पातळी गाठली की स्कॅन सुरू होतो. (आम्ही कोडमध्ये ट्रिगर लिहितो, अगदी तसंच.) वेळ चुकली किंवा पेशंटने श्वास सोडला, तर चित्र फसवं येतं.

किडनी कमजोर असेल किंवा कॉन्ट्रास्टची ॲलर्जी असेल, तर व्ही-क्यू स्कॅनचा पर्याय आहे. त्यात हवा कुठे पोहोचते आणि रक्त कुठे पोहोचतं, याचे दोन नकाशे काढतात. हवा आहे पण रक्त नाही, तिथे संशय.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पायोपेड-२ अभ्यासात सीटीने सुमारे ८३ टक्के रुग्णांतली गुठळी पकडली. पण डॉक्टरांचा आधीचा संशय दाट असेल, तर पॉझिटिव्ह रिपोर्ट ९६ टक्के वेळा खरा निघाला. संशय कमी असताना तोच आकडा ५८ टक्के. आणि संशय दाट असताना आलेला निगेटिव्ह रिपोर्ट फक्त ६० टक्के वेळा खरा! मशीन तेच, रिपोर्टचा अर्थ वेगळा. इंजिनिअरिंगला शिकलेलं बेजचं प्रमेय ते हेच. म्हणूनच संशय कमी असेल तर आधी डी-डायमर ही रक्त तपासणी करतात. ती नॉर्मल आली तर सहसा स्कॅन लागतच नाही.

एआयचं काय? २०२० मध्ये आरएसएनए या रेडिओलॉजी संस्थेने पाच देशांतल्या १२ हजारांहून जास्त स्कॅनवर स्पर्धा घेतली. असं मॉडेल संशयित स्कॅन रांगेत वर आणू शकतं, आणि गर्दीच्या हॉस्पिटलात ते मोलाचं आहे. पण पेशंटचं नुकतंच ऑपरेशन झालंय, हे त्याला नुसत्या पिक्सेलमधून कळणार नाही. ते तुम्हीच डॉक्टरांना सांगा. कॅन्सर, आधीची गुठळी, गर्भनिरोधक गोळ्या, बरेच दिवस अंथरुणावर पडून राहणं, गरोदरपण, किडनीचा त्रास, हेही सांगा, आणि तेही स्कॅनच्या आधी.