आल्फोन्सो फोर्ड : डेल्टा ते पेझारो

मिसिसिपी डेल्टा म्हणजे कापसाचा मुलूख. त्यातल्या ग्रीनवूड गावात 1971 मध्ये आल्फोन्सो फोर्डचा जन्म झाला. कॉलेजसाठीही तो लांब गेला नाही. जवळच्या इटा बीनामध्ये मिसिसिपी व्हॅली स्टेट हे विद्यापीठ आहे. मोठ्या विद्यापीठांची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती, त्या काळात उभ्या राहिलेल्या संस्थांपैकी ते एक. 1989 ते 1993 या चार हंगामांत फोर्डने तिथे 109 सामन्यांत 3,165 गुण केले. अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागात तोवर फक्त तिघांचे गुण त्याहून जास्त होते : पीट मॅराविच, फ्रीमन विल्यम्स आणि लायोनेल सिमन्स. चारही वर्षं सरासरी 25 च्या वर ठेवणारा तर तो पहिलाच.

असे आकडे ऐकले की प्रतिस्पर्धी दुबळे असतील, अशी शंका काढली जाते. एनबीएच्या संघांनीही बहुधा तीच काढली असावी. 1993 च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाने त्याला दुसऱ्या फेरीत, 32 व्या क्रमांकावर घेतलं. दोन हंगामांत मिळून सिअॅटलकडून 6 आणि फिलाडेल्फियाकडून 5 सामने, एवढीच त्याची एनबीए कारकीर्द. अकरा सामन्यांत कुठल्याही गार्डची पारख होत नाही, असं माझं ठाम मत आहे. गार्डला चेंडू हातात लागतो, सहकाऱ्यांचा विश्वास लागतो आणि चुका करायला मैदानावर वेळ लागतो. फोर्डला हे सगळं मिळालं ते युरोपात.

सुरुवात स्पेनमधल्या उएस्काच्या क्लबपासून झाली. मग अथेन्समधला पापागू. आणि 1997 मध्ये रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं. पुढचा हंगाम मैदानाबाहेर गेला. त्यानंतर तो अथेन्सलाच परतला, स्पोर्टिंग क्लबकडून खेळू लागला. आजाराबद्दल मोजक्याच लोकांना ठाऊक होतं. गॅलरीतल्या प्रेक्षकांना दिसत होता तो फक्त अंगाने भक्कम, अबोल असा गार्ड, ज्याला अडवणं जमत नव्हतं.

यानंतरची वर्षंच त्याची सर्वोत्तम ठरली. 2000-01 मध्ये अथेन्सच्या पेरिस्तेरी या उपनगरातल्या क्लबकडून युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेत त्याने सामन्यामागे 26 गुण केले. युरोपातला सामना 40 मिनिटांचा, एनबीएपेक्षा 8 मिनिटांनी लहान. एकेक संघाचे गुणही साधारण ऐंशीच्या घरात. म्हणजे जवळपास एक तृतीयांश भार एकट्यावर, आणि तोही प्रतिस्पर्ध्यांची सगळी आखणी त्यालाच रोखण्यासाठी असताना. पुढच्या वर्षी तो ऑलिंपियाकोसमध्ये गेला. तिथेही युरोलीगमध्ये गुणांत अव्वल राहिला आणि संघाने ग्रीक कप जिंकला. मोठ्या संघात गेल्यावर भल्याभल्यांचे आकडे घसरतात, म्हणून हा हंगाम मला पेरिस्तेरीच्या हंगामाइतकाच मोलाचा वाटतो.

मग इटली. 2003 मध्ये सिएनाचा संघ त्याच्यासह बार्सिलोनातल्या फायनल फोरपर्यंत पोहोचला आणि उपांत्य फेरीत ट्रेव्हिसोच्या बेनेटनकडून अवघ्या तीन गुणांनी हरला. त्यानंतरचा हंगाम एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या पेझारो शहरात, स्काव्होलिनी संघाकडून. बास्केटबॉलसाठी वेडं म्हणून इटलीत ओळखलं जाणारं हे गाव. त्या हंगामाअखेर पेझारोने युरोलीगमध्ये जागा मिळवली.

फोर्डला ती स्पर्धा खेळता आली नाही. 2004 च्या ऑगस्टअखेर त्याने प्रकृतीमुळे आपण खेळू शकणार नाही, असं जाहीर केलं आणि 4 सप्टेंबरला मेम्फिसमध्ये त्याचं निधन झालं. वय 32. निदानानंतर तो सात वर्षं जगला आणि त्यातली बहुतेक वर्षं युरोपातल्या पहिल्या दर्जाचं बास्केटबॉल खेळत होता.

युरोलीगने हंगामातल्या सर्वाधिक गुणांच्या सरासरीचा करंडक त्याच्या नावाने सुरू केला. 2005 मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला चार्ल्स स्मिथ या अमेरिकी गार्डला. स्मिथ त्या वर्षी पेझारोकडूनच खेळत होता.