बिलियन नक्की किती?

जर्मनीच्या राइशबँकेची १५ फेब्रुवारी १९२४ या तारखेची एक नोट आहे. तिच्यावर ड्यूरर या चित्रकाराने रेखाटलेल्या विलिबाल्ड पिर्कहाइमरचा भारदस्त चेहरा आहे आणि रक्कम आहे शंभर ‘बिलिओनेन’ मार्क. बिलिओनेन हे बिलियनचंच जर्मन अनेकवचन. दुसरी नोट झिम्बाब्वेच्या रिझर्व्ह बँकेची, जानेवारी २००९ मधली. तिच्यावर एकावर एक तोललेले प्रचंड दगड आहेत आणि रक्कम आहे शंभर ट्रिलियन डॉलर. ट्रिलियन हा बिलियनच्या हजारपट, तेव्हा झिम्बाब्वेने जर्मनीला हजारपटीने मागे टाकलं असं कुणालाही वाटेल. पण शून्यं मोजून पाहा. दोन्ही नोटांची रक्कम एकच आहे, एकावर चौदा शून्यं!

छपाईत चूक कुणाचीच नाही. सगळी भानगड ‘बिलियन’ या शब्दात आहे.

मिलियन हा शब्द मूळचा इटलीचा. तिथे ‘मिल्ले’ म्हणजे हजार, त्याचं थोराड रूप ‘मिलिओने’, म्हणजे थोरलं हजार. पुढच्या पायऱ्यांची नावं नीट लावून दिली ती निकोला शुके या फ्रेंच गणितीने, १४८४ मध्ये. त्याने मोठी संख्या सहा-सहा अंकांच्या गटांत पाडली. मिलियन गुणिले मिलियन म्हणजे बिलियन, कारण ‘बि’ म्हणजे दोन. तीन मिलियनांचा गुणाकार तो ट्रिलियन. किती सरळ! नावातला आकडा घ्या, सहाने गुणा, तेवढी शून्यं. बिलियनला बारा, ट्रिलियनला अठरा. शुकेचं हस्तलिखित थेट १८८० मध्ये छापलं गेलं, पण एत्येन द ला रोशने त्यातला बराच मजकूर १५२० मध्येच आपल्या पुस्तकात उतरवून घेतला होता. उचलेगिरीचा असाही एक उपयोग.

मग सतराव्या शतकात फ्रान्समध्येच काही जण अंक तीन-तीनच्या गटांत लिहू लागले आणि नावंही तशीच सरकवू लागले. हजार मिलियनलाच बिलियन म्हणायचं, म्हणजे शून्यं नऊच. आता ‘बि’चा दोनाशी काय संबंध, हे विचारायची सोय राहिली नाही. अमेरिकेने ही धाकटी मोजणी उचलली. ब्रिटनने थोरली धरून ठेवली. एकच भाषा आणि एकच शब्द, पण अटलांटिक ओलांडला की किंमत हजारपटीने बदलायची.

दोघांतला फरक सेकंदांत मोजला की अंगावर येतो. एक मिलियन सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस. अमेरिकी बिलियन सेकंद म्हणजे पावणेबत्तीस वर्षं. शुकेच्या बिलियनइतके सेकंद मागे गेलात तर एकतीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या अश्मयुगात पोचाल.

ब्रिटनमध्ये या वादाचा निकाल संसदेत लागला. डिसेंबर १९७४ मध्ये रॉबिन मॅक्सवेल-हिस्लॉप या खासदाराने पंतप्रधानांना विचारलं, की मंत्र्यांनी बिलियन हा शब्द फक्त ब्रिटिश अर्थानेच वापरावा, असा शिरस्ता तुम्ही घालाल का? हॅरॉल्ड विल्सन यांनी नकार दिला. जगभर आता बिलियन म्हणजे हजार मिलियनच समजतात, आमच्या मंत्र्यांनी वेगळं काही म्हटलं तर गोंधळच होईल, असा त्यांचा सूर होता. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो, पण शुकेबद्दल हळहळ वाटतेच. इंग्लिश खाडीच्या पलीकडे फ्रान्सने मात्र १९६१ मध्येच उलटी वाट धरून बारा शून्यांचा बिलियन सरकारी वापरात परत आणला होता. म्हणजे अमेरिकेने जे फ्रेंचांकडून घेतलं, ते फ्रेंचांनी टाकून दिलं आणि इंग्रजांनी उचललं.

जर्मन, स्पॅनिश आणि इतर कित्येक भाषांत बिलियन आजही बारा शून्यांचाच आहे. जर्मन माणूस नऊ शून्यांना ‘मिलिआर्ड’ म्हणतो. पोर्तुगीजचं तर आणखीच मजेशीर. पोर्तुगालमध्ये बारा शून्यं, ब्राझीलमध्ये नऊ. जर्मनीत १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ बिलियन मार्क मोजावे लागत होते, ते या थोरल्या मापाने. आपल्या भाषेत ४ लाख २० हजार कोटी. नवं चलन आलं तेव्हा जुन्या एका बिलियन मार्कांचा एक रेंटेनमार्क झाला, बारा शून्यं एका फटक्यात गेली.

आपण हसण्याआधी आपल्या घरातही डोकवावं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त अर्बुद म्हणजे दहा कोटी, अब्ज म्हणजे शंभर कोटी, खर्व त्याच्या दहापट आणि निखर्व त्याच्याही दहापट. मराठी शाळेत आजही अब्ज, खर्व, निखर्व याच क्रमाने शिकवतात. हिंदीत मात्र अर्बुदाचा ‘अरब’ झाला तो शंभर कोटींचा आणि ‘खरब’ झाला शंभर अरबांचा. म्हणजे हिंदीतला खरब हा मराठीतल्या खर्वाच्या दहापट, आपला निखर्वच! नाव तेच आणि शून्य एक जास्त. युरोपात जे तीन शून्यांनी झालं, ते आपल्याकडे एका शून्यावर भागलं इतकंच.

शास्त्रज्ञांनी या जंजाळातून अंग काढून घेतलं. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एककांसाठी ‘गिगा’ हा उपसर्ग ठरला. त्याचा अर्थ नऊ शून्यं, मग देश कुठलाही असो. पाण्यातली अशुद्धी ‘बिलियनमागे इतके भाग’ अशी लिहू नये, असा मापनशास्त्रातला सल्ला आहे, तोही याच धास्तीपोटी.

तेव्हा इंग्रजी बातमीत बिलियन दिसला की शंभर कोटी समजा आणि ट्रिलियन दिसला की एक लाख कोटी. पण आकडा जर्मन किंवा स्पॅनिश मजकुरातून आलेला असेल, किंवा पुस्तक १९७४ पूर्वी लंडनमध्ये छापलेलं असेल, तर नावावर भरवसा ठेवू नका, शून्यं मोजा.