मामा तलावातले मासे
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सामन नावाच्या माशाची गोष्ट आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. नदीत जन्मायचे, समुद्रात वाढायचे आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या नदीत, प्रवाहाच्या उलट चढत यायचे. अटलांटिक महासागरात त्याची एकच जात आहे, पॅसिफिकमध्ये पाच-सहा. मुंबईच्या बाजारात रावसाला कधी कधी 'इंडियन सामन' म्हणून विकतात, पण रावसाचा आणि सामनचा काही नातेसंबंध नाही. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्यात खरा सामन कुठून येणार? पण प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा मात्र आमच्याकडेही आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तलावाच्या सांडव्यापाशी उभे राहा. ओढ्याचे गढूळ पाणी तलावात शिरू लागले की मासे त्या पाण्याच्या वासावर वर निघतात, धानाच्या बांध्यांपर्यंत पोचतात. यांनाच चढणीचे मासे म्हणतात.

हा तलाव मुळात माणसाने बांधलेला. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी धानासाठी इथे पाळी घातल्या. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. मालगुजारी 1951 च्या सुमारास गेली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी'चे 'मामा' झाले. पूर्व विदर्भात असे तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. कोहळ्यांनी पाणी अडवले, त्यात मासे धरायचे काम ढिवरांचे. आज त्यांच्या सहकारी संस्था तलाव ठेक्याने घेतात.

तलाव म्हणजे नुसते भरलेले पाणी, असे आपल्याला वाटते. माशाला तसे वाटत नाही. त्याच्या दृष्टीने तलावात वेगवेगळी आळी असतात. पाळीजवळ खोल पाणी. तिथे शिवडा राहतो, ज्याला काही ठिकाणी पढीन म्हणतात. रुंद तोंडाचा, दुसऱ्या माशांवर जगणारा हा दांडगा मासा. पाळीच्या समोरची बाजू उथळ, उतरती. तिथे कमळे, देवधान म्हणजे रानटी भात आणि पाण्याखालचे नाना तऱ्हेचे गवत. ही बाजू मरळीची.

मरळ हा झाडीपट्टीचा लाडका मासा. तिला कल्ल्यांखेरीज हवा घेण्याची सोय असते, म्हणून ती अधूनमधून वर येऊन श्वास घेते. अंडी घालायच्या वेळी नर-मादी गवतातली थोडी जागा साफ करतात. अंडी पाण्यावर तरंगतात, आणि आईबाप राखण करतात. पिल्ले निघाली की त्यांचा तांबूस-नारिंगी थवा पाण्यावर खळबळत फिरतो आणि खाली आईबाप पहारा देत असतात. अशा वेळी थवा पाहून गळ टाकला, तर मोठी मरळ हमखास लागते. आणि आईबाप गेले की पिल्लांचे काय होते ते सांगायला नको.

मागूर आणि शिंगी हे चिखलातले. त्यांनाही हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे उन्हाळ्यात बोडी आटत आली तरी चिखलात तग धरतात. शिंगीच्या काट्याला विष असते. तो टोचला की हात दिवसभर ठणकतो. मागूर घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. बाजारात 'मागूर' म्हणून कधी कधी मोठा आफ्रिकन मागूर येतो. तो अधाशी मासा दिसेल ते खातो, म्हणून 2000 सालापासून देशात त्याच्या पालनाला बंदी आहे.

आता बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या तिघांकडे वळू. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. तिघे एकाच तळ्यात एकमेकांच्या ताटात हात न घालता वाढतात, म्हणून मत्स्यपालकाला प्रिय. पण हे मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातले, वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालणारे. साचलेल्या तलावात त्यांचा वंश चालत नाही. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प जातीच्या माशाची पैदास करून दाखवली. तेव्हापासून बोटुकली तयार मिळू लागली. उत्पन्न वाढले, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र दरवर्षी बीज विकत आणून सोडावे लागते, आणि पाऊस लांबला तर पैसा पाण्यात जातो.

शिवाय किलोच्या हिशेबात तलावाची उथळ बाजू कुणी मोजलीच नाही. तिथे बेशरम माजली. कॉमन कार्प तळ उकरतो, गवत्या कार्प नावाप्रमाणे गवत खातो. गवत गेले की मरळीचे घर गेले, लहान माशांचा आडोसा गेला, त्यांवर जगणारे पक्षीही गेले. मरळीचा भाव रोहूपेक्षा बराच जास्त, आणि तिचे बीज विकत आणावे लागत नव्हते. नुकसान ढिवरांच्याच पदरी आले.

ते त्यांनीच पहिल्यांदा ओळखले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील काही संस्थांनी, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या साथीने, तलाव पुन्हा जिता करायचे काम हाती घेतले. उन्हाळ्यात पाणी उतरले की बेशरम मुळासकट उपटायची, उघडी पडलेली गाळाची जमीन नांगरायची आणि पावसानंतर चांगल्या तलावातून आणलेले गवत धान रोवावे तसे ओळीने रोवायचे. कोणते गवत कोणत्या माशाला लागते, कोणते कुठल्या खोलीला तगते, हे जुन्या ढिवरांना तोंडपाठ होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, एवढेच. रोवणीला बायकाच पुढे असतात, धानाच्या सवयीने त्यांचा हात बसलेला. पहिली एक-दोन वर्षे नवे गवत जपावे लागते, गुरे आणि जाळी दोन्हींपासून. अशा तलावात गवत्या कार्पची बोटुकली सोडायची नाही, हे ठेका घेतानाच सभासदांनी ठरवून घ्यावे लागते.