पावसाळ्यातील एक महिना, पाच पुस्तके आणि दोन वाचक

सीबीडी बेलापूरचा पाऊस ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल. पारसिकच्या डोंगरावर ढग उतरतात, सेक्टर आठमधल्या उताराच्या रस्त्यांवरून पाणी वाहू लागते आणि आर्टिस्ट व्हिलेजच्या अंगणांतील फरशीवर शेवाळ धरते. अशा दिवसांत वृद्ध माणसाला फिरायला नेणे म्हणजे पडण्याला आमंत्रण देणे. गेल्या आषाढात आमची संध्याकाळची फेरी अशीच बंद झाली आणि घरात एक मोठी पोकळी निर्माण झाली.

माझे यजमान ७६ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे निदान झाले. औषधोपचार नियमित आहेत, प्रकृती एरवी ठीक आहे. परंतु एके दिवशी माझ्या ध्यानात आले की, आमच्या दोघांतील बोलणे गोळी, जेवण आणि आंघोळ एवढ्यावर येऊन थांबले आहे. पन्नास वर्षांच्या संसारानंतर मी त्यांची केवळ परिचारिका उरले होते. ही जाणीव मला त्यांच्या आजारापेक्षाही जड गेली. म्हणून ठरवले की, महिनाभर रोज दुपारी चार वाजता अर्धा तास मोठ्याने वाचायचे. कपाटातील निरनिराळ्या प्रकारची पाच पुस्तके काढून ठेवली.

पहिली चूक

प्रारंभ व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ने केला. माणदेशातील धनगरांच्या वस्तीवर आलेल्या तरुण शिक्षकाची ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. ती लहानशी आहे, भाषा साधी आहे. तेव्हा ती सहज पचेल असा माझा समज होता. पहिले तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी मी विचारले, “काल आपण कुठपर्यंत आलो होतो, आठवतं का?” त्यांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी पुस्तक हाती घेताच ते म्हणाले, “आज नको.”

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांनी ही चूक टाळावी. विरंगुळा म्हणून मांडलेल्या वाचनाची मीच परीक्षा करून टाकली होती. त्यानंतर मी प्रश्न विचारणे सोडले. कालचा भाग दोन-तीन वाक्यांत स्वतःच सांगायचा आणि पुढे वाचायचे, एवढाच नियम ठेवला. तरीही कथेचे सूत्र हातातून निसटत असल्याचे त्यांना जाणवत होतेच. तेव्हा कादंबरी बाजूला ठेवली आणि एका बैठकीत पुरे होणारे लेखन निवडले.

ऋतू, ओव्या आणि अंतराळ

दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’मध्ये मराठी महिन्यांनुसार निसर्गाचे ललित लेख आहेत. बाहेर आषाढ कोसळत असताना आषाढाचाच लेख वाचला. येथे मागचे काही आठवावे लागत नाही. खिडकीबाहेर दिसते तेच पुस्तकात असते. वाचता वाचता ते उठले, खिडकीशी गेले आणि समोरच्या झाडाकडे बराच वेळ पाहत राहिले. त्या दिवशी आम्ही झाडांविषयी बोललो. गोळ्यांचा विषय निघाला नाही.

तिसऱ्या आठवड्यात बहिणाबाई चौधरींच्या कविता घेतल्या. बहिणाबाईंना (१८८०–१९५१) अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर स्फुरलेली त्यांची रचना घरच्यांनी उतरवून घेतली आणि ती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली. यजमानांचे आजोळ जळगावकडचे. माझ्या पुणेरी उच्चारांनी वाचन सुरू होताच त्यांनी मला थांबवले, “अगं, असं नाही म्हणत ते,” आणि तो शब्द खानदेशी ढंगात म्हणून दाखवला. सकाळी काय खाल्ले हे ज्यांना सांगता येत नव्हते, त्यांनी त्या दुपारी मला शिकवले. लहानपणी कानावर पडलेली बोली, लय आणि गाणी पुष्कळदा अशा आजारातही दीर्घकाळ टिकून राहतात. म्हणून आपल्या घरातील ज्येष्ठांच्या बालपणीची भाषा कोणती होती, याची आठवण ठेवून पुस्तक निवडावे.

नंतर जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’तील विज्ञानकथा वाचल्या. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत आपली आद्याक्षरे उलटी करून टोपणनावाने कथा पाठवली होती आणि तिला पारितोषिक मिळाले, हा किस्सा यजमानांना फार आवडला. मी तो चार वेळा सांगितला आणि चारही वेळा ते तितकेच हसले. विस्मरणाने आम्हांला दिलेली ही एवढीच सवलत असेल, पण ती मी आनंदाने घेतली.

पाचवे पुस्तक माझे

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मी त्यांना वाचून दाखवले नाही. ते निजल्यावर रात्री वीस मिनिटे स्वतःसाठी वाचले. लक्ष्मीबाई १८६८ साली जन्मल्या आणि या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. पतीच्या धर्मांतरामुळे झालेली ताटातूट, दुःख, दारिद्र्य हे सर्व सोसूनही त्यांची विनोदबुद्धी शाबूत राहिली. शुश्रूषा करणाऱ्या भगिनींनो आणि बंधूंनो, आपल्यासाठीही दिवसातील थोडा वेळ आणि एखादे पुस्तक राखून ठेवा. त्यात अपराधी वाटण्याचे कारण नाही. थकलेल्या मनाने केलेली सेवा लवकरच चिडचिडीत उतरते, हे मी अनुभवाने सांगते.

अपेक्षा किती ठेवावी?

न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींच्या दीर्घ निरीक्षणावर आधारलेला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन, नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. मात्र त्या व्यक्तींना प्रारंभी हा आजार नव्हता. शिवाय वाचनामुळेच तो टळला, असे अशा निरीक्षणावरून सिद्ध होत नाही. पुस्तक हे औषधाला पर्याय नाही. आमच्या घरीही महिन्याअखेर स्मरणशक्तीत काही फरक पडला नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

वाचनाची बैठक

• साठीतील डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून दिवा भरपूर उजेडाचा, खांद्यामागून पुस्तकावर पडणारा असावा.
• वाचताना पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी दूरवर नजर टाकावी.
• अक्षरे धूसर दिसत असतील तर वय झाले म्हणून सोडून देऊ नये. मोतीबिंदू आणि चष्म्याचा क्रमांक तपासून घ्यावा.
• ऐकू कमी येत असल्यास समोरासमोर बसून, सावकाश आणि खालच्या पट्टीत वाचावे.
• वाचणारे कोणी नसेल तर ध्वनिपुस्तके उपयोगी पडतात. परंतु आरंभी कोणीतरी शेजारी बसावे.
• वाचन, बोलणे किंवा समजणे एकाएकी बिघडल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तो पक्षाघात असू शकतो.

आता पाऊस ओसरला आहे आणि आमची संध्याकाळची फेरी पुन्हा सुरू झाली आहे. तरी चार वाजले की यजमान खुर्ची खिडकीजवळ ओढतात. कोणते पुस्तक चालू आहे, हे त्यांना सांगता येत नाही. “काढ ना ते,” एवढेच म्हणतात. कालचा भाग मी दोन वाक्यांत सांगते आणि पुढे वाचू लागते.