तारखा तीन, खर्च कुणाचा?

सकाळी सहाच्या एस.टी.नं साताऱ्याहून निघायचं, लेकराला आईच्या ओटीत टाकायचं, स्वारगेटला उतरून कोर्ट गाठायचं, आणि दुपारी दोन वाजता कळायचं की आज साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख महिन्यानं! परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती बाई हिशेब करते. तिकीट, रिक्षा, वकिलांच्या कारकुनाला झेरॉक्सचे पैसे, दुपारी नुसता चहा प्यायला तरी त्याचे. माहेरी भाऊ काही बोलत नाही, पण भावजयीच्या कपाळावरची आठी दिसते. एक पाटली गहाण पडलेली आहेच. आता दुसरी.

मैत्रिणींनो, अशी एक बाई आज आपण डोळ्यांपुढं आणू या. नवऱ्यानं पुण्यात घटस्फोटाचा अर्ज केलाय. तिनं साताऱ्यात स्वतःच्या आणि मुलाच्या पोटगीसाठी अर्ज केलाय. शिवाय मारहाणीबद्दल कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीही एक अर्ज आहे. भांडण एकच, नवराबायकोचं, पण कामं तीन आणि तारखाही तीन. आणि एक दिवस ती म्हणते, “नको ती पोटगी! मिळायची तेव्हा मिळेल, तोवर मीच विकली जाईन.”

“शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये” असं आपल्याकडं म्हणतात. पण नवऱ्यानंच कोर्टात खेचलं तर शहाणी बाई करणार काय? तेव्हा हा कोर्टाचा खर्च कुणी सोसायचा आणि ते कोर्ट कसं ठरवतं, हे प्रत्येकीला ठाऊक असावं.

खर्च दोन तऱ्हेचा

पहिली गोष्ट ध्यानात ठेवायची ती ही, की कोर्ट खर्चाबद्दल दोन वेळा बोलतं. एकदा निकालाच्या शेवटी आणि एकदा काम चालू असताना. आपण बायका शेवटच्या खर्चावर डोळा ठेवून बसतो आणि मधला मागायचाच विसरतो. खरी गफलत इथंच होते.

शेवटच्या खर्चाचा नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. खर्च कुणी, कुणाला, किती द्यायचा हे ठरवणं न्यायाधीशांच्या हाती. सर्वसाधारण रीत अशी, की हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला खर्च द्यायचा. ही रीत मोडायची असेल तर न्यायाधीशांनी कारण लिहून ठेवलं पाहिजे. या खर्चात नोटीस, टायपिंग, साक्षीदारांचा भत्ता, नकलांचे पैसे असल्या बाबी धरतात. वकिलाची फी मात्र बहुधा ठरलेल्या कोष्टकाप्रमाणं धरली जाते, तुम्ही मोजली तेवढी नव्हे. त्यामुळं हजारो रुपये घातलेल्या माणसाच्या हाती शेवटी फारच थोडं पडतं.

समोरच्यानं धडधडीत खोटा दावा केला असला तर कलम ३५-अ खाली भरपाई मागता येते, पण तिची मर्यादा किती ठाऊक आहे? तीन हजार रुपये! १९७६ च्या दुरुस्तीत ती ठरली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानंच ही रक्कम अगदी तोकडी असल्याचं बोलून दाखवलं.

त्यात नवराबायकोच्या दाव्यांत निकालाच्या शेवटी फार वेळा एकच ओळ असते: “खर्च ज्याचा त्याने सोसावा.” म्हणजे शेवटच्या खर्चाच्या आशेवर पाटल्या गहाण टाकण्यात अर्थ नाही.

मागायचा तो मधला खर्च

आता हिंदू विवाह कायदा, १९५५ याचं कलम २४ पाहू. नवरा किंवा बायको, दोघांपैकी ज्याला पोटापुरतं आणि दाव्याच्या खर्चापुरतं स्वतःचं उत्पन्न नाही, त्याला कोर्ट दुसऱ्याकडून दाव्याचा खर्च आणि दाव्याचा निकाल लागेपर्यंत दरमहा रक्कम देववू शकतं. इथं कोण जिंकेल, कोण हरेल, चूक कुणाची, हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच की एकाच्या खिशात पैसे आहेत आणि दुसऱ्याच्या नाहीत, मग लढाई बरोबरीची कशी व्हायची?

घटस्फोटाचा अर्ज नवऱ्यानं केलेला असला तरी बायकोला हा खर्च मागता येतो. उद्या प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेलं तर तिथंही वेगळा अर्ज करून मागता येतो. पण एक अट आहे: अर्ज करावा लागतो. न मागता कोर्ट देत नाही. नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत या अर्जाचा निकाल लावावा, असं २००१ पासून कायद्यातच लिहिलंय. साठ दिवस नेहमी पाळले जातात असं नाही, पण वकिलांकरवी न्यायाधीशांना त्याची आठवण देता येते.

आणि हो, कलमात “नवरा किंवा बायको” असं आहे, बरं का! बायको चांगली मिळवती आणि नवरा खरोखरच अडचणीत असेल, तर खर्च तिलाही द्यावा लागू शकतो.

इतर धर्मांच्या मैत्रिणींनी हिरमुसायचं कारण नाही. नोंदणी पद्धतीनं, विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर त्यातलं कलम ३६, ख्रिस्ती बहिणींसाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्यातलंही कलम ३६, आणि पारशी बहिणींसाठी त्यांच्या १९३६ च्या कायद्यातलं कलम ३९ यांत अशीच सोय आहे. पोटगीचं फौजदारी कलम तर कोणत्याही धर्माच्या बाईला खुलं आहे. पूर्वीचं ते प्रसिद्ध कलम १२५! १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्याचा क्रमांक १४४ झाला. त्यातही काम चालू असताना अंतरिम पोटगी आणि कामाचा खर्च, दोन्ही मागता येतात. गोव्यात विवाहाचा कायदा वेगळा, पण हे कलम तिथंही आहेच.

तीन कामं, मग तीन खर्च?

आता आपल्या साताऱ्याच्या बाईकडं परत येऊ. तिची कामं तीन. मग पुण्याच्या कोर्टानं खर्च दिला की साताऱ्याचा मिटला का?

नाही. पोटगी आणि दाव्याचा खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोटगी ही पोटाची. पोट एकच, तेव्हा दोन कोर्टांतून दोनदा पुरी पोटगी मिळत नाही. एका कोर्टानं ठरवलेली रक्कम दुसरं कोर्ट लक्षात घेतं आणि वळती करतं. खर्च मात्र त्या त्या कामाचा असतो. कलमांतले शब्दच “त्या कामाचा खर्च” या अर्थाचे आहेत. म्हणून पुण्याच्या घटस्फोटाच्या कामात येण्याजाण्याचा आणि वकिलाचा खर्च पुण्यात मागायचा, आणि पोटगीच्या अर्जाचा खर्च साताऱ्यात. पुण्यातल्या अर्जात साताऱ्याचा खर्च घुसडला की समोरचे वकील नेमकं त्यावरच बोट ठेवतात.

नवऱ्यावर छळाबद्दल फौजदारी खटला झाला असेल, तर तिथं खटला सरकार चालवतं आणि सरकारी वकील असतात. त्यासाठी बाईला आपला वकील लावलाच पाहिजे असं नाही. हिंसाचाराच्या कायद्याखालच्या अर्जात संरक्षण अधिकाऱ्यांनी मदत करायची असते, आणि आदेशाची प्रतही फुकट मिळते.

लपवाछपवी नको

तीन कामं असली की एक मोह होतो. एका कोर्टात दुसऱ्याचं नावच काढायचं नाही! तसं मुळीच करू नका.

नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या एका दाव्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी फार मोलाचा निकाल झाला. त्यात देशभरच्या कोर्टांसाठी नियम घालून दिले. पोटगी मागणाऱ्यानं आधीची सगळी प्रकरणं आणि त्यांतले आदेश सांगायचे. नवराबायको दोघांनी आपापली मिळकत, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि उत्तर देणाऱ्यानं ते जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं. पोटगी धरायची ती अर्ज केल्या तारखेपासून.

यामुळं झालं काय, की “माझी नोकरी सुटली हो साहेब,” असं नुसतं म्हणून भागत नाही. शपथेवर खोटं लिहिणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. पण हा नियम आपल्यालाही आहे! शिकवण्या करून, शिवणकाम करून चार पैसे मिळत असतील तर ते लिहा. थोडं मिळवते म्हणून पोटगी किंवा खर्च बुडत नाही. ते पुरेसं आहे का, एवढंच कोर्ट बघतं. लपवलेलं उघडं पडलं, तर मात्र खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

हेलपाट्यांचा भार

पुण्याचं काम साताऱ्याला आणता येईल का? येऊ शकतं. एकाच राज्यातल्या दोन जिल्ह्यांत काम वर्ग करण्यासाठी उच्च न्यायालयाकडं अर्ज करावा लागतो. दोन राज्यं असतील तर सर्वोच्च न्यायालयाकडं. बाईची अडचण, लहान मूल, अंतर यांचा विचार होतो. काही वेळा काम वर्ग होत नाही, पण प्रत्येक तारखेचा प्रवासखर्च नवऱ्यानं द्यावा असा आदेश मिळतो. तोही काही कमी नाही.

समोरचा उगीचच तारखा वाढवून घेत असेल तर कलम ३५-ब लक्षात ठेवा. त्याच्यामुळं वाया गेलेल्या तारखेचा खर्च कोर्ट त्याच्यावर बसवू शकतं आणि तो भरल्याशिवाय त्याला पुढं काम चालवता येत नाही. “साहेब, मी साताऱ्याहून आले, आजचा खर्च मिळावा,” असं त्याच दिवशी वकिलांकडून सांगवायचं. पुढच्या महिन्यात आठवून उपयोग नाही.

आदेश झाला, पैसे नाहीत

आदेश हाती आला म्हणजे पैसे आले असं नव्हे. पुण्यातला आदेश पाळला नाही, तर दरखास्त करून वसुली करता येते. जाणूनबुजून पैसे थकवले तर कोर्ट शेवटचा उपाय म्हणून त्याचा बचावही काढून टाकू शकतं. साताऱ्यातल्या पोटगीच्या कामात पोटगी आणि खर्च थकला तर वॉरंट निघू शकतं आणि पैसे न भरल्यास कैदही होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला पाहिजे. “देईल आज ना उद्या,” म्हणत वर्ष घालवाल तर वॉरंटची ही वाट बंद होते.

आधी हे करा

एक, फुकट वकील. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणं कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती हे पाहत नाहीत. जिल्हा कोर्टाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोनही करता येतो.

दोन, कोर्ट फी. महाराष्ट्र सरकारनं १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनं पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि लग्नसंबंधातून निघालेल्या मालमत्तेच्या वादांत बायकांना कोर्ट फी माफ केली आहे. कुणी मागितली तर या अधिसूचनेचं नाव घ्या.

तीन, एक वही. किराण्याचा हिशेब ठेवतो ना, तसा तारखांचा ठेवायचा. प्रत्येक कामाची पानं वेगळी. तारीख, कोर्टात काय झालं, तारीख कुणामुळं वाढली, तिकीट, झेरॉक्स, नोटरी, फी. वकिलांना दिलेल्या पैशांची पावती मागायला लाजू नका. तिकिटं पाकिटात घालून वहीलाच डकवून टाका.

चार, खर्चाचा अर्ज पहिल्या दोन-तीन तारखांतच. वकिलांना विचारा, “या कामात खर्चाचा अर्ज दिलाय का?” तीन कामं असतील तर हा प्रश्न तीनदा विचारा.

आपल्या साताऱ्याच्या बाईची दुसरी पाटली अजून हातात आहे. ती सराफाकडं नेण्याआधी तिनं एकदा जिल्हा कोर्टातल्या त्या कार्यालयाची पायरी चढावी. नवऱ्याशी भांडण जिंकणं तिच्या हाती नसेल, पण भाड्याला पैसे नाहीत म्हणून तारखेला गैरहजर राहणं तिला नक्कीच टाळता येईल. आणि गैरहजर बाईचं म्हणणं कोर्टापुढं मांडायचं कुणी?