आखूड हातांचा 'मांसाहारी बैल' : कार्नोटॉरस कोणाच्या खानदानातला?

मोठं डोकं, तीक्ष्ण दात आणि इवलेसे हात असलेला डायनासोर दिसला की मुलंच काय, मोठी माणसंही म्हणतात, 'हा टी-रेक्स!' विज्ञान शिकवताना हा गैरसमज आम्हाला नेहमी भेटतो. पण टी-रेक्सपेक्षाही आखूड हातांचा एक शिकारी होऊन गेला, आणि तो टी-रेक्सचा जवळचा भाऊबंदही नव्हता.

त्याचं नाव कार्नोटॉरस, म्हणजे मांसाहारी बैल. डोळ्यांवर दोन शिंगं असल्यामुळे हे नाव पडलं. 1984 मध्ये अर्जेंटिनाच्या चुबूत प्रांतात त्याचा सांगाडा सापडला आणि 1985 मध्ये होसे बोनापार्ट यांनी त्याचं नामकरण केलं. लांबी साधारण 8 मीटर, काळ सुमारे 7 कोटी वर्षांपूर्वीचा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दंडाच्या जेमतेम पाव! पंजाला चार बोटं होती, पण शिकार पकडायला तो निरुपयोगीच. सगळी भिस्त जबड्यावर आणि दणकट पायांवर.

आता नात्याचं पाहू. दोन पायांवर चालणाऱ्या, बहुतेक मांसाहारी अशा डायनासोरांना थेरोपॉड म्हणतात. सुरुवातीच्या थेरोपॉडांचे हात चांगले कामाचे होते. पुढे या खानदानाच्या दोन मोठ्या शाखा झाल्या. एकीत कार्नोटॉरसचं अबेलिसॉरिड कुटुंब आलं. दुसरीत टी-रेक्स आला आणि आजचे पक्षीही. म्हणजे टी-रेक्सचं नातं कार्नोटॉरसपेक्षा अंगणातल्या चिमणीशी जवळचं आहे!

मग दोघांचे हात आखूड कसे? हा वारसा नव्हे. दोन्ही शाखांत हात वेगवेगळे आखूड झाले. 2022 मध्ये अर्जेंटिनातूनच जाहीर झालेल्या मेराक्सेसचं कुटुंब आणखी वेगळं, तरी त्याचेही हात तसेच. डोकं आणि जबडा शिकारीचं मुख्य हत्यार झाल्यावर हातांची गरज उरली नाही, असं अनेक शास्त्रज्ञांना वाटतं. सारखं काम पडलं की परकेही सारखे दिसू लागतात. म्हणूनच शास्त्रज्ञ एका अवयवावरून नातं ठरवत नाहीत. कवटी, मणके, पाय, सगळं तपासतात.

कार्नोटॉरसचे खरे भाऊबंद आपल्या देशातही होते. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर आणि भारत हे एके काळी गोंडवन या एकाच भूखंडाचे भाग होते. त्यामुळे अबेलिसॉरिड या सगळ्या भूभागांवर सापडतात. गुजरातमधल्या राहिओलीच्या हाडांवरून 2003 मध्ये नाव मिळालेला राजासॉरस याच कुटुंबातला. तिथे आता डायनासोर संग्रहालयही आहे.

सिनेमातला टी-रेक्स आपल्या मुलांना तोंडपाठ आहे. राजासॉरसचं नाव किती जणांना माहीत आहे, हे आज घरी जरूर विचारा. सुट्टीत गुजरातला जाणं झालंच, तर राहिओलीला एक दिवस नक्की ठेवा.